कारवान, गावठी आणि मधला

आमच्या चोपडा तालुक्यात दिवाळी उलटली, थंडी पडली आणि रब्बीचा मका-हरभरा वर आला, की एक विषय हमखास निघतो. कुत्र्याचा! पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच, "सर, एखादं चांगलं कुत्रं सांगा ना. शेत राखणारं पाहिजे, घरात पोरांत बसणारं पाहिजे, आणि जमलं तर शिकारीलाही चाललं पाहिजे." विचारणारा बहुतेक वेळा माझाच जुना विद्यार्थी असतो. आता त्याची केळी असते, ठिबक असतं, आणि रात्री शेतात शिरणारी रानडुकरंही असतात.

मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, निवृत्त झालेला साधा शिक्षक. पण शेतावर गेली चाळीस वर्षं कुत्री आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला कुत्र्याशिवाय चालतही नाही. म्हणून या प्रश्नाचं माझं उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

उत्तर दोन वाक्यांचं आहे. शेतासाठी कुत्रा हवा असेल तर शुद्ध जातीच्या मागे लागू नका, कारवान आणि गावठी यांचा संकर घ्या. आणि शिकारीसाठी हवा असेल तर कोणताच घेऊ नका. पहिलं वाक्य लोकांना आवडतं, दुसरं आवडत नाही. म्हणून दोन्हींची कारणं सांगतो.

आधी कारवान. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. पूर्वी अफगाणिस्तान-इराणकडच्या काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर ही कुत्री दख्खनमध्ये आली म्हणून नाव कारवान, असं सांगतात. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे आणि पुढे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळला ती जास्त. अंगावर लांब रेशमी केस असले तर तिकडे त्याला पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक शिकारी लोकांकडे असलेली ही कुत्री पाहिली, त्यातली चांगली निवडून त्यांची पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. २००५ साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव घेतलं आणि मग विचारूच नका! ज्याला त्याला कारवान पाहिजे.

यात एक गोष्ट नीट पाहा. ज्याला आपण आज राजेशाही 'जात' म्हणतो, ती राजानं आकाशातून आणली नाही. ती गरीब लोकांच्या झोपडीबाहेर आधीच होती. तिथं तिची निवड तिच्या कामावरून होत होती, कागदावरून नाही. जो धावेल, टिकेल, तो राहील. कागद मागून आला.

कारवान धावायला लागला की पाहत राहावं असं ते दृश्य असतं, हे मी मान्य करतो. पण तो नजरेवर चालणारा कुत्रा आहे. जे दिसतं, जे पळतं, त्याच्यामागे तो जातो. उभ्या मक्यात, केळीच्या बागेत दिसणार काय? तिथं नाक पाहिजे, कान पाहिजेत. तो भुंकतोही कमी. शेत राखणाऱ्याला न भुंकणारा कुत्रा म्हणजे घंटा नसलेली शाळा! शिवाय त्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. बाभळीच्या-बोरीच्या काट्यांनी फाटतो, डिसेंबरच्या रात्री कुडकुडतो. आणि रानडुकरासमोर मुकाट्यानं, सरळ अंगावर जातो. डुकराच्या सुळ्यानं एकदा पोट फाटलं, की तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो वाचेलच असं नाही.

आता गावठी. या बिचाऱ्याला आपण नावही धड देत नाही. पण विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत जी श्वाननिद्रा सांगितली आहे, ती या गावठी कुत्र्याची. पान हललं तरी कान उभे. नाक तीक्ष्ण. कळण्याची भाकरी ताकात कुस्करून दिली तरी त्याचं चालतं. आमच्याकडचा मे महिना तो सावली शोधून, ओलसर माती उकरून, त्यात पडून काढतो. शेकडो पिढ्या त्याची निवड कुणी माणसानं केली नाही. उन्हानं, भुकेनं आणि रोगानं केली, आणि असली निवड फार कडक असते. मग उणीव कुठे? तर तो भुंकतो, पण नीलगाय बांध ओलांडून आली की पन्नास पावलं जाऊन परत फिरतो. वेग नाही आणि अंगात तेवढी उंची नाही.

म्हणून मधला. कारवानचा वेग आणि उंची, गावठीचं नाक, आवाज, कातडी आणि शहाणपण. हा काही माझा शोध नाही. इंग्लंडमध्ये हेच शेकडो वर्षं चालत आलं आहे, आणि तिथं अशा कुत्र्याला लर्चर म्हणतात. ग्रेहाउंडसारखा धावणारा कुत्रा एका बाजूला आणि मेंढपाळांचा कॉली किंवा बेडलिंग्टन टेरियर दुसऱ्या बाजूला. कॉलीकडून अक्कल आणि ऐकण्याची वृत्ती, टेरियरकडून चिवटपणा. लर्चर ही जात नव्हे, ते कामाचं नाव आहे. दोन लर्चर एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही.

त्यामागचा इतिहासही मोठा बोलका आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात, इंग्लंडात कायदा झाला, की ज्या सामान्य माणसाकडे वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नाही, त्यानं ग्रेहाउंड किंवा दुसरा शिकारी कुत्रा बाळगायचा नाही. म्हणजे धावणारा कुत्रा जमीनदाराचा, आणि गरिबानं ससा मारून पोरांना घातला तर ती चोरी. मग गरिबानं असं कुत्रं जवळ केलं, की जे पाहिल्यावर कुणाला ग्रेहाउंड वाटणार नाही, पण काम ग्रेहाउंडचं करेल. लर्चर हा चोरट्या शिकाऱ्याचा कुत्रा म्हणून बदनाम झाला तो असा.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? संस्थानिकांनी, साहेबांनी मारले ते वाघ, आणि त्याचं नाव शिकार. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम हा वाघांचा नामांकित शिकारी होता. पण ज्यांचं पोटच रानावर, त्या पारध्यांसारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो १९५२ साली निघाला. एकाच रानात एकाचा छंद आणि दुसऱ्याचा गुन्हा! हे आठवलं, की शिकारीच्या गप्पा मला निर्मळ मनानं ऐकता येत नाहीत.

आता माझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. शिकारीसाठी कुत्रा घेऊ नका.

माझ्या लहानपणी परवाना घेऊन शिकार करता येत असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवाना हा प्रकारच संपला. या कायद्यात शिकार म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. त्यात मारणं, पकडणं, फास लावणं, सापळा लावणं तर आहेच, पण 'कोर्सिंग' हा शब्दही आहे. कोर्सिंग म्हणजे धावणारा कुत्रा प्राण्यामागे सोडणं! म्हणजे कारवान जे काम करण्यासाठी घडला, नेमकं तेच काम कायद्यानं नाव घेऊन बंद केलं आहे. आणि नुसता प्रयत्न केला तरी तो गुन्हा. ससा हाती लागला नाही म्हणून सुटका होत नाही. हाच प्रकार अभयारण्यात केला, तर किमान तीन वर्षांची कैद. यावलचं अभयारण्य आपल्या शेजारच्याच तालुक्यात आहे, आणि पश्चिमेला शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं. रात्री गाडीवर कुत्रं बसवून, हातात बॅटरी घेऊन निघणाऱ्या पोरांना हद्द कुठे लागते ते कळत नाही. आणि वर ते स्वतःच मोबाइलवर चित्रफीत काढून सगळीकडे पाठवतात. चोरानं स्वतःच पंचनामा लिहून द्यावा, तसं!

काही जण म्हणतात, "सर, इंग्लंडमध्ये चालतंच की." पूर्ण चालत नाही. तिथं २००४ साली कायदा झाला आणि २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करायला बंदी आली. सशांच्या मागे ग्रेहाउंड सोडण्याची प्रसिद्ध वॉटर्लू कप स्पर्धा २००५ साली शेवटची झाली. जमीनमालकाच्या परवानगीनं रॅबिट आणि उंदीर यांची मोकळीक मात्र ठेवली. रॅबिट बिळात राहतो, ढीगभर पिल्लं घालतो, आणि तिथल्या शेतकऱ्याला तो उपद्रवी वाटतो. आपल्या शिवारातला ससा तो नव्हे. आपला ससा बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला नुसता दबून बसतो. त्याला दडायला घर नाही. त्याच्याकडे फक्त पाय आहेत. त्यावर बॅटरीचा झोत टाकायचा आणि मग कुत्रा सोडायचा, यात पराक्रम कोणता? मला तरी दिसत नाही.

"मग डुकरांचं काय?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला मी टाळणार नाही. लासूर, सत्रासेन, वैजापूरकडच्या शेतकऱ्याला सातपुड्याच्या कुशीत राहून एका रात्रीत भुईमुगाचं रान उकरलेलं पाहावं लागतं. त्याला भूतदयेवर व्याख्यान देणं सोपं आहे, शहरात बसून तर फारच सोपं. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात वाट आहे, पण ती वन खात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी हुकमातून जाते. नुकसानभरपाईची तरतूदही आहे. पंचनामा, कागद, खेटे हे सगळं त्यात आलं, आणि शेतकरी त्याला कंटाळतो हे मला माहीत आहे. मग कुणी तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर लागतं, तशीच शेजाऱ्याची म्हैस लागते, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला सालदारही लागतो. असे मृत्यू दर साल वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. कुणी फटाक्याची दारू आमिषात भरून ठेवतो, कुणी विष ठेवतो. माझ्या मते या सगळ्यांपेक्षा रात्रभर जागा राहून भुंकणारे दोन कुत्रे हा कितीतरी शहाणा उपाय आहे. रानडुक्कर हुशार जनावर आहे. जिथं रोज गडबड होते तिथं यायचं ते कमी करतं. त्याला मारायची गरज नसते, त्याला ते रान नकोसं करायचं असतं.

आणि हेच काम मधला कुत्रा उत्तम करतो. तो वासानं ओळखतो, भुंकून माणसाला उठवतो, नीलगाईला बांधाबाहेर घालवण्याइतका वेग त्याच्याजवळ असतो, आणि डुकराच्या तोंडाशी न जाता चार हात दूर राहून गोंधळ घालण्याची अक्कलही असते. बांधापर्यंत हाकलणं ही राखण. बांध ओलांडून रानात पाठलाग करणं ही शिकार. ही रेघ कुत्र्याला शिकवता येते. ती शिकवायची इच्छा मालकाला असली पाहिजे, एवढंच.

आता निवडीच्या चार गोष्टी.

एक, पिल्लू पाहू नका, आई-बाप पाहा. निदान आई तरी पाहाच. आई अनोळखी माणसावर भुंकते पण मालकाच्या एका हाकेनं थांबते, असं दिसलं तर निम्मं काम झालं. रंग, शेपटीचा आकडा, कपाळावरचा टिळा यांवर पैसे देऊ नका. "शिकारीची गॅरंटी" देणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका.

दोन, संकर पहिल्या पिढीचाच घ्या. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. १९७० साली सुरतच्या केंद्रातून संकरित कापसाचं एच-४ वाण आलं, तेव्हा आपण सगळे शिकलो, की संकरित बियाणं दर वर्षी नवं आणायचं. घरची सरकी पेरली तर एक झाड असं, एक तसं. कुत्र्याचं गणित कापसाइतकं चोख नाही, पण पहिल्या पिढीत दोन्ही बाजूंचे गुण त्यातल्या त्यात बरोबरीनं उतरतात. पुढे संकराशी संकर करत गेलं, तर एकाच वेतात एक पिल्लू नुसतं पळणारं, एक नुसतं झोपणारं. म्हणून मधल्या कुत्र्याची पुढे पैदास करू नका, त्याची नसबंदी करून घ्या. त्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा, की यात कारवानचं रक्त आहे. या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं लवकर उतरत नाहीत.

तीन, लसी. दीड-दोन महिन्यांचं झालं की डिस्टेंपर आणि पार्व्होची, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. हा खर्च फक्त आपल्या कुत्र्यासाठी नाही. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग मुळात कुत्र्यांचा. आपलं कुत्रं सातपुड्याच्या कडेला फिरतं, तिथं कोल्हे आहेत, तडस आहेत, बिबटे आहेत.

चार, बिबट्या. रात्री शेतात एकटं कुत्रं साखळीनं बांधून ठेवणं म्हणजे त्याला ताट वाढून देणं. राखणीला दोन कुत्रे ठेवा, मोकळे ठेवा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. आपल्याकडचे मेंढपाळ हे कधीपासून करत आले आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिकारीसाठी घेतलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. धावायची वर्षं मोजकी. पायाला लागलं, वय झालं, किंवा वन खात्याचा माणूस एकदा दारात येऊन गेला, की तेच कुत्रं महामार्गावर नेऊन सोडलं जातं. पातळ कातडीचं, रस्त्यावर जगायची सवय नसलेलं कुत्रं. ते मरतं, किंवा टोळीत मिसळून शेळ्या-कोंबड्या धरायला लागतं. मग गावात आरडाओरडा होतो आणि सगळ्याच भटक्या कुत्र्यांच्या नावानं बोटं मोडली जातात. गेली काही वर्षं देशभर भटक्या कुत्र्यांवरून वाद चालू आहेत, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत. त्यात दोन्ही बाजू खूप बोलतात. पण कुत्रं रस्त्यावर सोडलं कुणी, हा प्रश्न मागेच राहतो.

राखणीच्या कुत्र्याचं तसं नाही. म्हातारा झाला तरी त्याचे कान चालतात, आवाज चालतो. तो ओट्यावर पडल्या पडल्याही भाकरीला जागतो. ज्याची किंमत फक्त त्याच्या वेगावर ठरली, त्याला म्हातारपण नाही. ज्याची किंमत त्याच्या सोबतीवर ठरली, त्याला आहे. माणसांचंही फारसं वेगळं नाही म्हणा!

आपल्या महाराष्ट्रात कुत्र्याची संगत किती जुनी आहे पाहा. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली तांब्या-काशाच्या मूर्ती सापडल्या. त्यांत बैल जुंपलेला एक रथ आहे, रथात उभा माणूस आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला बैल आणि माणूस यांच्याबरोबर कुत्राही दाखवावासा वाटला. खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तापाशी चार आहेत. यातलं एकही कुत्रं कोणत्या जातीचं, हे आजवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

'अष्टपैलू' कुत्रा शोधणाऱ्यांना म्हणूनच माझं एवढंच सांगणं आहे. आठ पैलूंतला शिकारीचा पैलू आता काढून टाका. उरलेले सात मधल्या कुत्र्यात भरपूर आहेत, आणि शेतकऱ्याला रोज लागतात तेही तेवढेच. गावात तसं पिल्लू मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं, तर निखळ गावठी घ्या. कारवानसाठी लातूर-मुधोळला गाडी पाठवण्याआधी आपल्या गल्लीतली कुत्री एकदा नीट पाहून घ्या.